डोंगरवालीची आडवी बाटली

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. मी एकदा रेड वाइनची बाटली गाळली होती. डोंगरउतारावरच्या एका घरच्या द्राक्षबागेतली, जपून ठेवायला म्हणून विश्वासानं माझ्या हातात दिलेली बाटली. तिच्या तळाशी मला गाळ दिसला. मग मी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतला एक लांब स्क्रू बुचात पिळला, पकडीनं ओढून बूच उपसलं, वाइन स्टीलच्या पातेल्यात ओतली आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळली. बाटली तांदूळ आणि लिंबू घालून खळखळून धुतली, गच्चीवर उलटी वाळवली, वाइन परत भरली. बूच आत जाईना म्हणून सुरीनं तासून बसवलं, वर मेणबत्तीचं मेण ओतलं, त्यावर फडकं घातलं आणि लोणच्याच्या बरणीला मारते तशी दुहेरी फाशाची गाठ मारली. मग हात धुतले आणि स्वतःवर इतकी खूश झाले की दुपारी शेवयांची खीर केली.

तेव्हा मी लहान होते. सत्तावन्न वर्षांची.

आज बहात्तराव्या वर्षी त्या बाईकडे पाहिलं की हसू येतं. ती नुसती मूर्ख असती तर मी तिला कधीच माफ करून टाकलं असतं. पण ती जळत होती. ज्या बाईवर जळत होती, तिला मी मनातल्या मनात डोंगरवाली म्हणायची. तोंडावर अर्थात 'वहिनी'.

कोलकात्यात मराठी माणसं दोन प्रकारची. एक आम्ही, इथलेच. माझे आजेसासरे इथे आले, तेव्हापासून आम्ही बालीगंजच्या ह्याच घरात. दुसरे बदलीवाले: बँकेचे, सरकारी कंपन्यांचे साहेब आणि त्यांच्या बायका. तीन-चार वर्षं राहायचं, गणपतीत नाटक बसवायचं, तांताच्या साड्या घ्यायच्या आणि जायचं. जाताना जे ट्रकमध्ये मावत नाही ते आमच्याकडे ठेवून जायचं. आमच्या जिन्याखाली एक कोठी आहे, उन्हाळ्यातसुद्धा गार. तिथे एकीचा पाटा-वरवंटा आहे, एकीचं गणपतीचं मखर, एकीचा पाळणा, एकीचं चाक नसलेलं शिवणयंत्र. 'ताई, पुढच्या वर्षी येऊन नेते' असं सगळ्याच म्हणतात. परत न्यायला आजवर एकच आली. डोंगरवाली.

ती पहिल्यांदा आली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. नवरा बँकेत, नुकतीच इंदूरहून बदली झालेली. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, सावळी, केसांचा साधा अंबाडा, कानात मोत्याच्या कुड्या आणि बाकी काही नाही. तेवढ्यानंच खोलीतल्या आम्ही सगळ्या अंगभर दागिने घालून आल्याचं आमच्या लक्षात आलं. तिची खरी खूण म्हणजे नाक. दिसायला नाही, वापरायला. समोर आलेली प्रत्येक गोष्ट ती आधी हुंगायची. चहा, पुस्तक, धुतलेली चादर, लहान बाळाची टाळू. अगदी चारचौघांत, काही चोरटेपणा न करता, जसं आपण डोळ्यांनी बघतो तसं.

माझ्या तिळगुळाला आमच्या मंडळात नाव होतं. मी तिला वडी दिली आणि कौतुकासाठी उभी राहिले. तिनं वडी नाकाशी नेली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. मग खाल्ली, सावकाश. "छान आहे, ताई. तीळ फार सुंदर भाजलेत. वेलची मात्र मागच्या वर्षीची आहे."

वेलची मागच्या वर्षीचीच होती. डब्याच्या तळाशी उरलेली, मला सोडून जगात कुणाला ठाऊक नसलेली. मी हसले. माझं ते हसू इतकं गोड होतं की शेजारच्या बाईनं विचारलं, तुमच्या दाढेत काही अडकलंय का?

'थांबा जरा' हा तिचा मंत्र होता. गरम आमटी वाढली, थांबा जरा. नवीन गाणं लावलं, थांबा जरा, अजून दोनदा ऐकू. मंडळात कुणाबद्दल कुजबुज निघाली की तेच. आम्ही निकाल देऊन मोकळ्या झालेल्या असायचो आणि ही म्हणायची, "थांबा जरा, ती आत्ता तर आलीय." गडियाहाटच्या मासळी बाजारात मी तिला मुद्दाम घेऊन गेले. वाटलं, घाटावरची बाई, तिथे तरी पदर नाकाला लावेल. तिनं वाकून इलिशचे कल्ले हुंगले, तिसऱ्या माशावर बोट ठेवलं, आणि वीस वर्षं मला शिळं गळ्यात मारणारा तो मासेवाला शेजारच्याला म्हणाला, "एइ बौदी माछ चेने." ह्या वहिनीला मासा कळतो. मला तो आजवर नुसतं माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत आला आहे.

तिचं माहेर नाशिकच्या पुढे, दिंडोरीकडच्या डोंगरात. वडील अण्णा, दोघे भाऊ, भावजया, मुलं, सगळं घर त्या बागेत राबायचं. आधी खाण्याची द्राक्षं होती, मग अण्णांनी अर्धा उतार वाइनच्या द्राक्षांना दिला. गावानं वेड्यात काढलं. अण्णा माळकरी, स्वतः थेंबभर पीत नसत, फक्त हुंगत. घोट घेऊन चव सांगायचं काम घरात मुलीचं होतं. म्हणजे हिचं. हे ती अशा सुरात सांगायची, ज्या सुरात आपण सांगतो की आमच्याकडे मेतकूट मोठ्या काकू करायच्या.

एका रविवारी तिनं आम्हा पाच-सहा घरांना बोलावलं. तिच्या माहेरची बाटली उघडायची होती. बाटली तिनं पंधरा दिवस आडवी ठेवलेली. प्रवासानं दमलेली असते म्हणे. आपल्याकडे बायका दारूबंदीच्या मतदानाला जाऊन बाटली आडवी करतात, आणि ही बाई बाटली आडवी करते ती नीट पिता यावी म्हणून, असं मी जाताना ह्यांना म्हटलं. हे हसले नाहीत. हे खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते, तीस वर्षं जगभरच्या बाटल्या पाहिलेले. नुसत्या पाहिलेले, असं ते म्हणत.

आम्ही सहाला पोचलो तर बाटली पाचलाच उघडून ठेवलेली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, ओता की आता."

"थांबा जरा. आत्ताच उठलीय ती."

मग तिनं ओतली. पेल्यात दोन बोटं, जास्त नाही. दिव्यासमोर धरली तर मध्ये काळपट, कडेला विटेच्या रंगाची. ह्यांनी पेल्यात नाक घातलं आणि विचारलं, "कसला वास येतोय, वहिनी?"

"तुम्ही सांगा."

"जांभूळ?"

"जांभळाची साल. आणि?"

"काहीतरी तिखट. मिरी?"

"मिरी. आणि अगदी शेवटी?"

हे पेला फिरवत राहिले. ती म्हणाली, "पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तो वास."

ह्यांनी पुन्हा हुंगलं. मग हळूच म्हणाले, "अहो, खरंच की."

आमच्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षं मी ह्या माणसाला दोन्ही वेळा आमटी वाढली. तिच्यात कसला वास येतोय, असं मला एकदाही विचारलं नव्हतं. मी मोठ्यानं जाहीर केलं, "आमच्याकडे नाही बाई चालत," आणि कोकम सरबताचा ग्लास असा धरून बसले, जसा काही मोर्च्यात झेंडा धरलाय.

पुढचं कुणालाच ठाऊक नाही. पेले विसळायला म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. एका पेल्यात घोटभर उरली होती. इकडेतिकडे पाहिलं आणि पिऊन टाकली. आधी काही कळलंच नाही. मग जिभेच्या कडा आवळल्या, जांभूळ खाल्ल्यावर आवळतात तशा, पण अदबीनं, जणू परवानगी घेऊन. मग घशाशी मिरी. आणि पेला खाली ठेवल्यावर, सगळं संपल्यावर, कुठूनतरी पहिलीच्या वर्गाचा वास आला. नवी पेन्सिल, कोवळं लाकूड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. कारण ती बाई म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं.

मागे वळले तर दारात डोंगरवाली. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाटली घेऊन आली, माझ्या पेल्यात बोटभर ओतली आणि म्हणाली, "थांबा जरा, ताई. दुसरा घोट आणखी छान लागतो." आणि बाहेर निघून गेली. बाहेर माझं कोकम सरबत तसंच टेबलावर होतं. तिनं ही गोष्ट जन्मात कुणाला सांगितली नाही. दुसरी कुणी असती तर मी तिची मैत्रीण झाले असते. मला मात्र वाटलं, आता हिच्या हातात माझी शेंडी सापडली.

पण आमटी, मासे, वाइन हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं होतं मुक्ताचं. मुक्ता माझी मुलगी, उशिरा झालेली, एकुलती एक. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि ती बंगालीत उत्तर द्यायची. मी विचारायची, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "खेये नियेछि." सतरा वर्षं मी हट्टानं मराठीत विचारलं आणि सतरा वर्षं मला बंगालीत उत्तर मिळालं. एक दिवस बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "काकू, मी येऊ का? नाही हो, आईला सांगितलंय. काकू, तुम्ही माझ्यासाठी थांबाल ना?" मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहिले. पोळी जळली. माझी मुलगी मराठी बोलत होती. फोनवर. दुसरीशी.

रोज कॉलेजातून ती परस्पर त्यांच्या फ्लॅटवर जाऊ लागली. डोंगरवालीला मूल नव्हतं. ती मुक्ताला हुंगायला शिकवायची. डोळे बांधून हळद ओळख, जिरं ओळख, पावसानंतरची गच्ची आणि पाणी मारलेली गच्ची यातला फरक ओळख. घरी येऊन मुक्ता माझ्या फोडणीपाशी उभी राहायची आणि म्हणायची, "आई, थांब जरा." ते ऐकलं की माझा हात हिंगाच्या डबीत जास्तच खोल जायचा.

फेब्रुवारीत डोंगरवाली माहेरी निघाली, द्राक्षं खुडायला. मुक्ताला नेऊ का म्हणाली. आणि लगेच, "ताई, तुम्हीही चला. अण्णांना फार आवडेल."

"मला कुठला वेळ?" मी म्हटलं.

फेब्रुवारीत मला काय काम होतं? स्वेटर धुऊन पेटीत ठेवायचे होते. दहा दिवस मी सहा स्वेटर धुतले.

मुक्ता परत आली ती रापलेली, बोटं जांभळी, आणि तोंडात त्या डोंगराची भाषा. "आई, दंव असेपर्यंतच खुडायचं असतं. ऊन चढलं का थांबायचं. अण्णा काठी टेकत सगळा उतार चढतात, एकेक घड उलटा करून बघतात. आई, मी वरच्या उताराची पूर्ण एक ओळ खुडली!" त्या घरची एक रीत होती. घरातली मुलगी पहिल्यांदा खुडायला आली की त्या सुगीतली एक बाटली तिच्या नावानं आडवी ठेवायची आणि तिच्या लग्नात उघडायची. अण्णांनी मुक्ताला घरातली मुलगी ठरवून टाकलं होतं. मला न विचारता.

दोन वर्षांनी बाटली आली. लेबलावर पेन्सिलीनं अण्णांचं अक्षर: 'मुक्ता, कोलकाता. वरचा उतार.'

आणखी वर्षभरानं त्यांची भोपाळला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर डोंगरवाली बाटली पदरात धरून आमच्याकडे आली. मे महिना होता. "ट्रकमध्ये ही उन्हानं मरेल, ताई. आणि मुक्ताची आहे, मुक्ताच्याच घरी राहू दे. तुमच्या कोठीत ठेवा. फक्त तीन गोष्टी. आडवी ठेवा. अंधारात ठेवा. आणि विसरून जा."

पहिल्या दोन मी पाळल्या. तिसरी पाळणं माझ्या कुंडलीत नव्हतं. मी रोज कोठीत जायची. मिरच्या आणायला, मीठ आणायला, काहीच आणायला नाही म्हणून. बॅटरी घेऊन बाटली बघायची. माझ्या मुलीचं लग्न माझ्या मुलीच्या आधी हिनं ठरवलंय, असं ती बाटली रोज मला सांगायची. मुक्ता दर रविवारी भोपाळला फोन करायची, आणि मी दर रविवारी कोठीत जायची.

वर्षभरानंतर एका सकाळी मी ती उजेडात आणली आणि तळाशी गाळ दिसला. काळा, दाट, बोटभर. मला झालेला आनंद तुम्हाला कसा सांगू? एवढी नाकाची शहाणी, एवढे बापाचे गोडवे, आणि बाटलीत गाळ! साधं गाळून भरता येत नाही यांना? आमच्याकडे कैरीचं पन्हंसुद्धा दोनदा गाळतात. मनातल्या मनात मी लग्नाचा प्रसंग रंगवला. सगळे जमलेत, वाइन काचेसारखी स्वच्छ, आणि मी सहज म्हणतेय, "वहिनी, तुमच्या बाटलीत गाळ होता हो. मी काढून ठेवला." मी तिच्या बापाची वाइन सुधारायला निघाले होते.

लेबल मात्र मी जपून सोडवलं आणि खळ लावून परत चिकटवलं. जरा वाकडं बसलं.

आणि गाळताना एक गोष्ट केली. पातेल्याच्या कडेला लागलेली वाइन बोटानं पुसून चाटली. जांभळाची साल. मिरी. पेन्सिल. आणि त्या तिन्हींच्या मागे आणखी काहीतरी, जे तिच्या घरच्या त्या दिवशीच्या बाटलीत नव्हतं, थंड, दंवासारखं. तेव्हा ती उत्तम होती. मुक्तानं खुडलेल्या द्राक्षांची ती चव जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस मी आहे. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

चार वर्षांनी मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा बंगाली, तिच्याच ऑफिसातला. डोंगरवाली दोन दिवस आधी आली. केस पांढरे, अंगानं निम्मी. नाक मात्र तेच: दारात पाय ठेवताच म्हणाली, "ताई, तुम्ही चिरोटे तळताय. तूप ताजं आहे." दुपारी आम्ही दोघी जिन्यात बसलो, हळदीची तयारी चालली होती. तिनं मला सांगितलं की अण्णा गेले. भावांच्या वाटण्या झाल्या, वरचा उतार विकला. तिथे आता शहरातल्या लोकांचे सुट्टीतले बंगले होताहेत. वेली उपटून टाकल्या.

"बाटल्या?" मी विचारलं.

"सगळ्या गेल्या. अण्णांच्या अक्षरातली एकच राहिलीय आता," ती म्हणाली आणि कोठीच्या दाराकडे पाहून हसली. "मी ट्रकमध्ये टाकली असती तर तीही राहिली नसती. बरं झालं तुमच्याकडे ठेवली."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि मी म्हटलं, "चहा टाकू?"

तिनं स्वतः कोठीत जाऊन बाटली आणली. वाकडं लेबल पाहिलं. मेण पाहिलं. फडक्याची गाठ पाहिली, आणि त्या गाठीवर तिचा अंगठा जरा वेळ थांबला. मग गाठ सोडली, मेण फोडलं. तासलेलं बूच हातानंच निघालं. तिनं नाक खाली नेलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. कुणाला, कोण जाणे. मी तर हललेही नव्हते. डोळे मिटून तिनं पुन्हा हुंगलं. त्या वेळी आंबट वास माझ्यासारख्या बिननाकाच्या बाईलासुद्धा आला. पुरता सिरका झाला होता.

"कोलकात्याची हवा हो," मी म्हटलं, "दमट."

तेवढ्यात हळदीचे हात घेऊन मुक्ता आली. "काकू! आपली बाटली?"

डोंगरवालीनं बाटली पदराआड घेतली आणि म्हणाली, "बिघडली गं, मुक्ता. बूच सैल बसलं होतं. शेवटी शेवटी अण्णांचा हात थरथरायचा."

गेलेल्या बापाच्या हातावर तिनं माझा गुन्हा घातला. आणि मी, सोन्याच्या बांगड्या घातलेली वधूमाता, तिथे उभी राहून मान डोलावली. खरं सांगू का? शरमेच्या बरोबरीनं तेव्हाही मनात एक काटा टोचला: ह्यातही हीच वरचढ ठरली.

मग तिनं विचारलं, "ताई, चिनी मातीची बरणी आहे का?" सगळा सिरका बरणीत ओतला. लेबल पाण्यानं भिजवून सोडवलं, बरणीवर चिकटवलं, ह्या वेळी सरळ. तोंडाला फडकं बांधलं. "हा टाकू नका. दर दोन-तीन महिन्यांनी यात थोडी साधी रेड वाइन घालत जा. वर साय धरते ना, ती जिवंत असते. ती बाकीचं करून घेते." लग्नाच्या पंगतीला तिनं त्यातच कांदे मुरवले, आणि व्याह्यांकडची मंडळी मटण सोडून कांदेच मागत राहिली.

बरणी अजून आहे. त्यासाठी मी दर दोन-तीन महिन्यांनी, पांढरी साडी, हातात बाजाराची पिशवी, अशी कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात जाते. "माशीमा, आबार?" असं तो दुकानदार विचारतो. पुन्हा आलात? सगळ्या गल्लीला वाटतं, हे गेल्यापासून म्हातारी बिघडली. मी कुणाचा गैरसमज दूर करत नाही. या वयात थोडी बदनामी तब्येतीला बरी असते. माझी नात बरणीतल्या कांद्यांसाठी न्यू टाउनहून येते आणि मला मराठीत म्हणते, "आजी, अजून दे." तो डोंगर गेला, वेली गेल्या, पण वरच्या उताराचं जे काही जगात शिल्लक आहे, ते आमच्या जिन्याखाली श्वास घेतंय.

गेल्या हिवाळ्यात डोंगरवाली गेली. भोपाळहून तिच्या मिस्टरांचा फोन आला. पुढच्या रविवारी मुक्ता आली. मी कांदे चिरत होते, डोळ्यांना पाणी येण्याची सोय होती. बरणी दोघींच्या मध्ये होती. मी म्हटलं, "मुक्ता, ऐक. अण्णांचं बूच सैल नव्हतं. बाटली मी उघडली होती. गाळ दिसला म्हणून गाळली. आणि नुसत्या गाळासाठी नाही. तू तिच्याशी मराठी बोलायचीस म्हणून."

मुक्तानं माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "आई, मला माहीत आहे."

"गाठीवरून ओळखलंस?"

"काकूंनी सांगितलं. हळदीच्याच दिवशी, संध्याकाळी."

म्हणजे अकरा वर्षं! अकरा वर्षं दोघींनी मिळून माझ्यापासून लपवलं. बहात्तराव्या वर्षी, गेलेल्या बाईवर, मी पुन्हा एकदा तशीच जळले. "मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. "काय म्हणाली ती माझ्याबद्दल? शब्दन् शब्द सांग."

मुक्ता कांदा चिरत, माझ्याकडे न बघता म्हणाली:

"म्हणाल्या, 'ती गाळायचीच असते गं, पण प्यायच्या दिवशी. तुझ्या आईनं बरोबरच केलं. वासावरून वाटतं, तीन-चार वर्षं आधी केलं, एवढंच. तिला विचारू नकोस. ती आपणहून सांगेल. थांब जरा.' म्हणून मी थांबले, आई."